ड्रोन हवेत सोडण्याआधी: बेळगाव सीमाभागातल्या हौशी मंडळींसाठी पायरीवार मार्गदर्शन

गणपतीच्या आसपास आणि सुगीच्या दिवसांत मला जे फोन येतात, ते जवळजवळ एकाच धाटणीचे असतात. ड्रोन घेऊन झालेला असतो, गच्चीवरून दोन-चारदा उडवूनही झालेला असतो आणि मग कुणीतरी अडवलेलं असतं. कधी शेजारच्यांनी, कधी बीटवरच्या पोलिसानं, कधी छावणीच्या हद्दीजवळ उभ्या असलेल्या जवानानं. पुढचा प्रश्न ठरलेला: "दादा, आता काय करू?"

यातल्या बहुतेकांचा हात चांगला असतो. चुकतो तो क्रम. आधी उड्डाण, मग परवानगी, मग नोंदणी, आणि वजन तर कधीच नाही, असं उलटं चालतं. म्हणून खाली क्रम लिहून देतो. एकही पायरी गाळू नका. पहिल्या चार पायऱ्या ड्रोन हवेत सोडण्याच्या कितीतरी आधीच्या आहेत.

## पायरी १: वजन करा, पेटीवर छापलेलं वाचू नका

ड्रोन नियम, २०२१ मध्ये सगळं काही वजनावर ठरतं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. हौशी माणसाचा संबंध पहिल्या दोघांशीच येतो. वजन धरायचं ते उड्डाणाच्या वेळचं, म्हणजे बॅटरी, कार्ड, पंख्यांचे गार्ड, चिकटवलेला दिवा, सगळ्यासकट.

पेटीवर २४९ ग्रॅम लिहिलेला ड्रोन मी ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवला होता. नुसता ठेवला तेव्हा आकडा २४८ च्या थोडा वर थांबला. पंख्यांचे गार्ड लावले आणि काटा थेट २८० च्या पुढे गेला. म्हणजे घरातल्या मुलांच्या काळजीपोटी गार्ड लावले की तोच ड्रोन कायद्याच्या लेखी मायक्रो होतो. जादा क्षमतेची बॅटरी घातली तरी तेच. किराणा दुकानातला काटा यासाठी चालत नाही, त्याला पाच-दहा ग्रॅमचा फरक कळतही नाही. सराफाकडे जा, तयारीनिशी वजन करा आणि काट्याचा फोटो काढून ठेवा.

तपासा: ज्या जोडणीत उडवणार, त्याच जोडणीत वजन केलंत ना? नाहीतर पुढचे सगळे हिशेब चुकतील.

## पायरी २: कागद

सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहेत, म्हणून एकेक घेतो.

नॅनोला काहीच लागत नाही, हा पहिला. नॅनोला प्रकार प्रमाणपत्र (ते मॉडेल ठरलेल्या कसोट्यांना उतरल्याचा दाखला) लागत नाही, पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, तृतीय पक्ष विमा लागत नाही. इतकं खरं आहे. पण ड्रोनच्या ओळख क्रमांकातून, ज्याला सगळे यूआयएन म्हणतात, नॅनोला सूट दिल्याचं या नियमांत कुठंही लिहिलेलं नाही. नोंदणी ऑनलाइन होते, अर्ज डी-२ नमुन्यात, शुल्क १०० रुपये. ड्रोनचा अनुक्रमांक, त्यातल्या उड्डाण नियंत्रकाचा (ड्रोनच्या आतल्या मुख्य सर्किटचा) आणि हातातल्या रिमोटचा क्रमांक असे तिन्ही त्यात जोडले जातात. मित्राचा रिमोट आणि माझा ड्रोन अशी अदलाबदल करू नका. रिमोट बदलला तर नोंदणीतही बदल करावा लागतो.

दुसरा गैरसमज परदेशातून आणलेल्या ड्रोनचा. आपल्याकडे घरटी एखादा पाहुणा आखातात असतो आणि सुट्टीला येताना तो प्रेमानं ड्रोन घेऊन येतो. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचा तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. सुट्या भागांत आणून इथं जोडायचा म्हटलं तरी तो त्याच बंदीत येतो. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. पाहुण्याला आधीच फोन करून सांगा, नको म्हणून. विमानतळावर त्याचीच पंचाईत होईल.

तिसरा, जुन्या ड्रोनच्या खरेदीचा. पैसे देऊन ड्रोन पिशवीत घातला की व्यवहार संपला असं नाही. पहिल्या मालकाच्या नावावरची नोंद तुमच्या नावावर झाली पाहिजे. ती होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका, मोटारसायकलीला करतो तसंच.

पायलट प्रमाणपत्राचं सूत्र असं: नॅनोला कधीच नाही, मायक्रो हौसेसाठी उडवला तर नाही, पैसे घेऊन उडवला तर हवं. लग्नाचं शूटिंग घेणाऱ्या पोरांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. अर्ध्या किलोचा ड्रोन चुलतभावाच्या लग्नात हौस म्हणून उडवला ती एक गोष्ट, त्याच ड्रोननं ऑर्डर घेतली ती वेगळी. प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, किमान दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण लागतं. ते १० वर्षं चालतं. फवारणीचे मोठे ड्रोन हा सगळा वेगळाच प्रांत आहे. हौशी ड्रोनला बाटली बांधून औषध मारायचा प्रयोग करू नका.

नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नवा ड्रोन त्याहून स्वस्तात येतो.

तपासा: बिल, यूआयएनचा कागद, आधार किंवा मतदार ओळखपत्र, वजनाचा फोटो. चारही गोष्टी मोबाइलमध्ये आणि छापील, दोन्ही.

## पायरी ३: नकाशा, आणि नकाशात न दिसणाऱ्या हद्दी

डिजिटल स्काय या केंद्र सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा हिरवा, पिवळा आणि लाल अशा तीन रंगांत आहे. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फुटांवर, म्हणजे ६० मीटरवर येते. ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा. तिथं हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही.

आता हे बेळगावला लावून बघा. आपला विमानतळ सांबऱ्याला, आणि तिथंच हवाई दलाचं केंद्र. सांबरा, मुतगे, बाळेकुंद्री या बाजूला हौशी उड्डाणाचा विचारच सोडून द्या. शहरात राहणाऱ्यांची चूक अशी होते की ते मोबाइलवर टर्मिनलच्या इमारतीपासून अंतर मोजतात. अंतर मोजायचं ते विमानतळाच्या कुंपणापासून. धावपट्टी लांबलचक असते, त्यामुळे "माझं घर साडेआठ किलोमीटरवर आहे" म्हणणारा प्रत्यक्षात आठच्या आत असू शकतो. स्वतः मोजत बसण्यापेक्षा नकाशावर आपल्या उड्डाणाच्या जागेवर बोट ठेवा आणि रंग बघा. नकाशा बदलतो, म्हणून मागच्या महिन्यात पाहिलेला रंग आज धरू नका.

नकाशा हिरवा असला तरी खालच्या जागा वेगळ्या धरा:

- छावणी परिसर आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राच्या आसपास. कॅम्पातून फिरायला जाताना सहज फोटो काढावा असं वाटतं, पण लष्करी जागेचं चित्रण ही पोलिसांपुरती राहणारी बाब नाही, ते प्रकरण शासकीय गुपिते कायदा, १९२३ पर्यंत जाऊ शकतं. किल्ल्याच्या परिसरातही हेच. शिवाय तिथलं कमल बस्ती हे जुनं जैन मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे आणि तिथल्या चित्रणाला त्या खात्याची वेगळी परवानगी लागते.
- हिंडलगा कारागृह आणि त्याच्या भिंतीबाहेरचा मोकळा भाग.
- सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत. अधिवेशनाच्या काळात तर महामार्गावरूनही नाही.
- खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य. कणकुंबी, जांबोटीकडे पावसाळ्यात गेलं की ड्रोन काढायचा मोह होतोच. अभयारण्यात शिरण्यापासून चित्रणापर्यंत सगळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतं, आणि परवानगी वनखात्याकडून घ्यावी लागते. भीमगडच्या बारापेडे गुहांमधल्या वटवाघळांची जात जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. तिथं घरघरणारं यंत्र नेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

सीमाभागाची अडचण याहून वेगळी. आकाशाचे नियम केंद्राचे, त्यामुळे बाचीला आणि शिनोळीला सारखेच. पण पोलिसांचे स्थानिक आदेश जिल्ह्यागणिक वेगळे असतात. बाचीत उभं राहून ड्रोन शिनोळीवर नेला तर तो चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात गेला, आणि तिथला बंदी आदेश तुम्हाला लागू झाला. निपाणीकडे कोगनोळीच्या पलीकडेही तेच. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करता येतो. १ नोव्हेंबरच्या मागचेपुढचे दिवस, डिसेंबरातलं अधिवेशन, निवडणुका, मोठ्या नेत्याचा दौरा, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, विसर्जन, अशा वेळी आदेश निघालेला असण्याची शक्यता धरूनच चाला. सीमेजवळ राहत असाल तर दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रं बघा आणि आपल्या ठाण्यात एक फोन करा.

खबरदारी: मिरवणुकीवरून, जत्रेवरून, आखाड्याच्या गर्दीवरून ड्रोन नेऊ नका, रंग कुठलाही असो. पाव किलोची वस्तू शंभर फुटांवरून डोक्यात पडली तर काय होईल, ते सांगायला कायदा लागत नाही.

## पायरी ४: माणसांना विचारा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं भाताचं शिवार बळ्ळारी नाल्याच्या कडेला आहे. पाणी कुठवर चढलंय ते बघायला मी घरच्या गच्चीवरूनच ड्रोन सोडला आणि शिवाराकडे नेला. परत आणताना वारा लागला म्हणून तो मधल्या गल्लीवर जरा थांबवला. दहा मिनिटांत मागच्या घरच्या काकू दारात.

"अरे, तुझं ते विमान आमच्या परसावर कशाला घुटमळत होतं?"

"काकू, मी शिवाराचं पाणी बघत होतो."

"शिवार तिकडं आहे. न्हाणी इकडं आहे."

मला उत्तर सुचलं नाही. आपल्या जुन्या घरांत न्हाणी परसात, वर पत्रा निम्माच. गल्लीतून काही दिसत नाही, म्हणून बाईमाणूस निर्धास्त असते. तीस मीटरवरून मात्र सगळं दिसतं. मी त्यांना आत बोलावलं, आईला शेजारी बसवलं आणि कार्डावरचा व्हिडिओ सुरुवातीपासून दाखवला. परस त्यात चार सेकंद होतं, माणूस कुणी नव्हतं. तरी त्यांच्यासमोरच तो भाग पुसला. "दिसलं नाही ते ठीक. पण मला कुठं माहीत होतं काय दिसतंय ते?" असं त्या जाताना म्हणाल्या. तेव्हापासून गच्चीवरून उड्डाण बंद आणि घरांवरून जाणं बंद.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. ती याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची. रोजच्या व्यवहारात मात्र अंगाशी येऊ शकतात ते फौजदारी कायदे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ असं की एखादी स्त्री जिथं आपल्याला कुणी बघणार नाही असं तिनं गृहीत धरलेलं असतं, तिथल्या तिच्या खासगी क्षणी तिला बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा गुन्हा, आणि पहिल्याच वेळी किमान १ वर्ष, कमाल ३ वर्षं कैद. चित्रणाला संमती होती म्हणजे ते पसरवायलाही संमती होती, असं त्यात धरलं जात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई खासगी अवयवांचं चित्रण आणि प्रसार याबद्दल आहे, ते स्त्री-पुरुष दोघांनाही लागू, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एखादीच्या मागे पुन्हा पुन्हा ड्रोन फिरवला तर पाठलागाचं कलम ७८ आहेच.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ बद्दलही विचारणा होते. स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्या कायद्याबाहेर आहे. पण प्लॉट विकणाऱ्यासाठी, हॉटेलसाठी, लग्नाच्या ऑर्डरसाठी चित्रण केलंत तर "घरगुती" हा शब्द संपला. मग ओळखू येणाऱ्या चेहऱ्यांसाठी संमती घ्यायची सवय आत्ताच लावून घ्या.

प्रत्यक्षात करायचं ते असं. उड्डाणाच्या आदल्या दिवशी ज्या घरांच्या किंवा शेतांच्या जवळून जाणार, तिथं जाऊन सांगा: उद्या सकाळी साडेसात ते आठ, या बाजूनं, या कामासाठी. घरात पुरुष भेटला म्हणून काम झालं असं समजू नका, घरातल्या बाईमाणसाच्या कानावर गेलंय याची खात्री करा. परसात वावर तिचा असतो. नदीकाठी, तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायका असतील तर त्या वेळी जाऊच नका, दुपारी जा. गावात काम असेल तर पंचांपैकी एकाला आणि ग्रामपंचायतीला कल्पना द्या. शाळेच्या आवारात पोरं असताना नाही. कुणी "नको" म्हणालं तर कारण विचारू नका.

तपासा: कॅमेरा कुठल्या बाजूला तोंड करून राहील हे आधी ठरवलंत का? जाता-येता रेकॉर्डिंग बंद ठेवा, शेतावर पोचल्यावर चालू करा. निम्म्या तक्रारी एवढ्यानं मिटतात.

## पायरी ५: आदल्या रात्रीची तयारी

बॅटऱ्या उड्डाणाच्या आदल्या रात्री पूर्ण भरा, आठवडाभर आधी नको. लिथियम पॉलिमर बॅटरी भरलेली ठेवली की फुगते. वापर नसेल तेव्हा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. फुगलेली बॅटरी "अजून एकदाच" म्हणून घालू नका. चार्जिंग अंथरुणावर किंवा गवताच्या गंजीजवळ नको, फरशीवर करा.

पंखे एकेक करून बोटानं फिरवा आणि कडेवर नख फिरवून बघा. केसाएवढी चीर असली तरी पंखा बदला. कार्ड रिकामं करा. ॲपचं अपडेट घरी, वायफायवर करा. कणकुंबीला रेंज मिळत नाही आणि ड्रोन अपडेट मागत बसतो.

यूआयएन, नाव, उड्डाणाची जागा आणि कारण असा अर्ध्या पानाचा मजकूर कन्नडमध्ये लिहून घ्या. पोलीस ठाण्यातले किंवा वनखात्यातले साहेब कन्नडभाषक असले तर तोंडी समजावताना गडबड होते, आणि कागद हातात दिला की बोलणं शांतपणे होतं. कन्नड लिहिता येणारा शेजारी आपल्याकडे प्रत्येकाला असतो.

## पायरी ६: शेतावरचं उड्डाण, क्रमानं

१. जागा निवडा. ट्रॅक्टर, टेम्पो, बोअरचा पाइप यांच्यापासून दूर. लोखंडाजवळ होकायंत्र बिघडतं. आरसीसी स्लॅबवरूनही नको, आत सळ्या असतात. जुनं पोतं किंवा रबरी चटई अंथरा, म्हणजे माती पंख्यात उडत नाही.

२. मान वर करून सगळीकडे एकदा फिरा. पंपांकडे गेलेल्या विजेच्या तारा स्क्रीनवर दिसत नाहीत. खांब दिसला की पुढचा खांब शोधा, तार त्यांच्या मध्ये आहे.

३. घार दिसते का बघा. घिरट्या घालत असेल तर थांबा. ड्रोनमागे लागलीच तर ड्रोन सरळ वर न्या, घारीला झटकन वर चढता येत नाही.

४. आधी रिमोट चालू करा, मग ड्रोन. उपग्रह पुरेसे जोडले जाईपर्यंत आणि "होम पॉइंट नोंदला" (म्हणजे परत यायची जागा लक्षात ठेवली) असा संदेश येईपर्यंत हात लावू नका. सगळ्यात जास्त ड्रोन इथंच हरवतात. घाईनं उडवलं, होम पॉइंट नोंदला नाही, मग ड्रोन परत येतो तो भलत्याच ठिकाणी.

५. परतीची उंची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येताना ज्या उंचीवरून येईल ती, ठरवा. आसपासच्या सगळ्यात उंच माडापेक्षा किंवा टॉवरपेक्षा दहा-पंधरा मीटर जास्त, पण तिथल्या मर्यादेच्या आत. आपल्या भागात बहुतेक शिवारांत ४० ते ५० मीटर पुरतात.

६. छातीएवढ्या उंचीवर अर्धा मिनिट स्थिर ठेवा. डावी-उजवीकडे सरकत असेल तर उतरवा आणि होकायंत्र पुन्हा जुळवा.

७. ड्रोन नजरेआड जाऊ देऊ नका. हौशी उड्डाणाची व्याख्याच नजरेच्या टप्प्यातल्या उड्डाणाची आहे. शेजारी एक माणूस उभा करा, त्यानं फक्त आकाशाकडे बघायचं.

८. बॅटरी ४० टक्क्यांवर आली की तोंड घराकडे, ३० टक्क्यांपर्यंत जमिनीवर. जाताना वारा पाठीवर असेल तर येताना तो तोंडावर असतो आणि परतीला दीडपट बॅटरी खाल्ली जाते.

खबरदारी: राजहंसगडासारख्या उंच जागेवरून उडवताना स्क्रीनवरची उंची उड्डाणाच्या जागेपासूनची असते. गडावरून ५० मीटर वर गेलात आणि तसेच दरीवर सरकलात तर तिथल्या जमिनीपासूनची उंची कितीतरी जास्त होते. मर्यादा जमिनीपासून मोजतात. दरीवर गेलात की खाली उतरा.

जून ते सप्टेंबर पाऊस थांबलाय असं वाटलं तरी हवेत भुरभुर असते, आणि कॅमेऱ्याच्या मोटरला तेवढंच पुरतं. सूर्य उगवून तासाभरानं, वारा सुटण्याआधी, ही सगळ्यात चांगली वेळ.

## पायरी ७: कामाचे फोटो

सुंदर फोटो आणि उपयोगी फोटो हे दोन वेगळे प्रकार. पाण्याखाली गेलेल्या भातासाठी तहसीलदार कार्यालयात अर्जाला जोडायचे असतील तर क्रम असा ठेवा. पहिला फोटो लांबून, त्यात रस्ता, देऊळ किंवा पूल अशी ओळखीची खूण हवी, नाहीतर कुणाचं शेत ते कळत नाही. दुसरा ५० मीटरवरून सरळ खाली, चारही बांध चौकटीत. तिसरा कमी उंचीवरून तिरका, ज्यात पाण्यातलं पीक ओळखू येईल. त्यानंतर जमिनीवर उभं राहून सर्व्हे नंबरच्या दगडापाशी मोबाइलनं एक. पाऊस सुरू होण्याआधीचा, त्याच कोपऱ्यातून आणि त्याच उंचीवरून काढलेला फोटो असेल तर सोन्याहून पिवळं. दरवर्षी मे महिन्यात मी तो काढून ठेवतो.

हे फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका. जागेची आणि वेळेची नोंद त्यातून गळून जाते. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. ड्रोनचा फोटो हा अर्जाचा आधार आहे, पंचनाम्याला पर्याय नाही.

उसाला सगळ्यात जास्त उपयोग लावणीनंतर सहा-आठ आठवड्यांनी होतो. २५-३० मीटरवरून सरीच्या रेषेत सरळ खाली कॅमेरा करून गेलं की नांगे (न उगवलेल्या रिकाम्या जागा) कुठं पडलेत ते एका फेरीत दिसतं आणि गडी नेमक्या जागी लावता येतो. ऊस डोक्यावर गेल्यावर हे काम होत नाही, तेव्हा फक्त कुठला पट्टा लोळलाय ते कळतं. कौलं फुटली का, पन्हळ तुंबली का, हे पावसाआधी बघायला ड्रोनसारखं साधन नाही, शिडीवरून पडण्याचा धोका टळतो. फक्त शेजाऱ्याचं छप्पर आपलं समजून बघत बसू नका.

खबरदारी: ड्रोनच्या फोटोवरून बांध ठरत नाही. भावकीच्या वादात "वरून बघ, तुझा बांध आत आलाय" असा फोटो दाखवून दोन घरं कोर्टात गेलेली मी पाहिली आहेत. बांधाला मोजणी खात्याची मोजणी हवी.

## पायरी ८: फोटो घरी आल्यावर

त्याच दिवशी बसा आणि सगळं बघा. शेजारच्या शेतात काम करणारे लोक, कुणाचं परस, गाडीचा नंबर, जे कामाचं नाही ते पुसा. ठेवायचंच असेल तर चेहरे धूसर करा. तहसीलला द्यायच्या प्रतीत जागेची नोंद ठेवा, फेसबुकवर टाकायच्या प्रतीतून ती काढा. एकट्यानं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या वाड्याचा अक्षांश-रेखांश जगाला कळायची गरज नाही. ज्यांचं शेत चित्रात आलं त्यांना त्यांची प्रत द्या. पुढच्या वेळी परवानगी मागायला जाताना दार आपोआप उघडतं.

## पायरी ९: अडवलं तर, पडला तर

पोलिसांनी किंवा जवानांनी अडवलं तर पहिलं काम ड्रोन सुखरूप उतरवणं, बोलणं नंतर. "साहेब, आधी उतरवतो" एवढं सांगा. मग कागद द्या, नकाशाचा त्या सकाळचा स्क्रीनशॉट दाखवा, चित्रण बघायचं म्हणाले तर बघू द्या. घाईघाईनं कार्ड पुसू नका, संशय वाढतो. गावकऱ्यांनी अडवलं तरी हेच, फक्त कागदाऐवजी स्क्रीन दाखवा. आपलं घर त्यात नाही हे बघितलं की राग उतरतो.

कुणाला लागलं किंवा कुणाचं नुकसान झालं तर आधी दवाखाना, मग अपघाताची माहिती ४८ तासांच्या आत ऑनलाइन कळवायची असते. कौल फुटलं असेल तर भरून द्या, वाद घालू नका.

उसात पडला तर धावत आत शिरू नका. ॲपमध्ये शेवटची जागा दिसते, तिचा फोटो काढा. दोन वेगवेगळ्या बांधांवर उभं राहून त्या दिशेला काठी रोवा. दोन रेषा जिथं छेदतात तिथं ड्रोन असतो. शेतमालकाला सांगूनच आत जा आणि सरीतून चाला, आडवं तुडवू नका. आवाज देण्याची सोय असेल तर पाच पावलांवर एकदा थांबून ऐका, उसाच्या सळसळीत तो आवाज चालताना ऐकू येत नाही. संध्याकाळ झाली तर सोडून द्या. बॅटरी संपली तरी ड्रोन तिथंच असतो, आणि तिन्हीसांजेला उसात साप असतात. तीन दिवस शोधूनही मिळाला नाही तर ठाण्यात हरवल्याची नोंद करा आणि तो यूआयएन नोंदणीतून काढून टाका, म्हणजे उद्या तो कुणाच्या हाती लागून कुठं उडाला तर त्याचा जबाब द्यायला तुम्हाला बोलावणार नाहीत.